घराला कुलूप, वाफे उघडे
परगावी जाताना भाजीचे गोगलगायींपासून रक्षण कसे करावे



ऑगस्ट सरत आला की आपल्या खानापूर-बेळगाव भागातील पुष्कळ घरांतून वेलांकणीला जाण्याची तयारी सुरू होते. २९ ऑगस्टला तेथे ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला मोठा सण होतो. नोव्हेनासाठी जाणारी मंडळी जाऊन येऊन दहाबारा दिवस घराबाहेर असतात. गुरे भावकीत कुणीतरी बघतो, कोंबड्या शेजारची वहिनी बघते आणि घराला कुलूप लागते. परसातल्या भाजीचा विचार मात्र सहसा कुणी करीत नाही. पाऊस चालू असतो, पाणी घालायची काळजी नसते, मग भाजीला काय होणार, असे आपल्याला वाटते. पण ज्या पावसाने पाण्याची काळजी मिटते तोच पाऊस गोगलगायींना बाहेर काढतो. परत येऊन बघावे तर कोबीच्या रोपांचे नुसते देठ उभे, तांबड्या भाजीची चाळण झालेली, आणि मातीला टेकलेल्या काकडीला खड्डे पडलेले!

या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांला आमच्या एका चुकीने दिला आहे. ती चूक आधी सांगतो.

आमची चूक

या धर्मग्रामात आम्ही नवीन आलो होतो तेव्हाची ही गोष्ट. चर्चच्या मागे परसात आम्ही कोबी व नवलकोलाची रोपे लावली. आठवड्याभरातच रोज सकाळी दोनचार रोपे कुरतडलेली दिसू लागली. इतक्यात वार्षिक रिट्रीटला दहा दिवस जाण्याची वेळ आली. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तालुक्याच्या गावाहून गोगलगायी मारण्याचे विषारी दाणे आणले, वाफ्यांत मूठमूठ टाकले, काही ढीग वाफ्यांच्या कडेला ठेवले आणि निर्धास्त मनाने निघून गेलो.

त्या रात्री मोठा पाऊस झाला. दाणे फुगले, विरघळले, वाफ्यातले चिखलात गेले. पुढे गोगलगायींनी पोटभर खाल्ले. कडेच्या, पागोळीआड राहिलेल्या कोरड्या ढिगाचा वास मात्र शेजारच्या घरातील कुत्र्याला लागला. हे दाणे कोंड्यापिठात विष मिसळून केलेले असतात, म्हणून कुत्र्याला ते खाण्याची वस्तू वाटते. मोती संध्याकाळी थरथर कापू लागला, अंग तापले, झटके आले आणि रात्रीतच तो मेला. आम्ही परत आलो तेव्हा मिस्सेला वेदीसेवक म्हणून उभा राहणारा त्या घरातला दहा वर्षांचा मुलगा आमच्यासमोर आला आणि एवढेच म्हणाला, "फादर, कोबीसाठी मोती मेला काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही एक नियम पाळला आहे, आणि या लेखाचे सारही तेच आहे. आपण घरी नसताना बागेत विष ठेवून जायचे नाही. गोगलगायींचा बंदोबस्त जाण्यापूर्वीच्या दहा दिवसांत करायचा, आणि मागे एक जागता शेजारी ठेवायचा.

शत्रूची ओळख

आपल्या परसात दोन प्रकारच्या गोगलगायी त्रास देतात. एक बिनशंखाची. कुणी तिला शेंबडी गोगलगाय म्हणतात. तिची पाठ काळपट, चपटी, चामड्यासारखी असते आणि दिवसा ती दगडाखाली मातीच्या ढेकळासारखी पडून राहते. दुसरी मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या गृहस्थाने ती कलकत्त्याच्या एका बागेत आणून सोडली, आणि तेथून ती भारतभर पसरली. २०२२ च्या जुलै महिन्यात मराठवाड्यात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. एका माणसाच्या मौजेची किंमत पावणेदोनशे वर्षांनंतरही शेतकरी मोजतो आहे.

दोघींचाही स्वभाव सारखाच. अंगात पाणी फार आणि कातडी ओलसर, त्यामुळे ऊन व कोरडा वारा त्यांना सोसत नाही. दिवसा दगड, फळी, कुंडी, पालापाचोळा यांखाली लपायचे आणि अंधार पडल्यावर किंवा झड लागल्यावर बाहेर पडायचे. तोंडात किसणीसारखी जीभ असते, तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात. त्या किसणीने पान खरवडून त्या खातात.

नर आणि मादी असे वेगळे प्राणी नसतात. एकाच जिवात दोन्ही असतात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. शंखवाली आफ्रिकन गोगलगाय एका वेळी शंभर ते चारशे अंडी ओल्या मातीत घालते आणि ती साधारण ८ ते २१ दिवसांत फुटतात. आपण निघालो त्या दिवशी घातलेली अंडी आपण परत येईपर्यंत फुटू लागतात, हे लक्षात ठेवावे.

नुकसान अळीचे की गोगलगायीचे, हे ओळखणे सोपे आहे. अळी पानावर लेंड्या टाकते. गोगलगाय जाते तेथे वाळल्यावर चांदीसारखी चकाकणारी रेघ उमटते. सकाळी ती रेघ दिसली की दुसरा पुरावा नको.

मागे ठेवून जाण्याचे उपाय का फसतात

आपल्याकडे जुनी माणसे चुलीची राख वाफ्याभोवती टाकतात. बांधावर चुन्याचा पट्टाही ओढतात. कोरडी राख व चुना गोगलगायीच्या अंगाला चिकटून तिचा ओलावा शोषून घेतात, म्हणून ती पलीकडे जात नाही. उघडीप असेल तेव्हा हा उपाय खरोखर चालतो. पण त्याचे सारे बळ कोरडेपणात आहे. एक सर आली की राखेचा चिखल होतो आणि गोगलगाय त्यावरून सहज जाते. घरी असलेला माणूस पाऊस थांबल्यावर पुन्हा राख टाकतो. वेलांकणीत असलेला माणूस काय करणार?

अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि तांब्याची पट्टी यांचीही शिफारस पुष्कळजण करतात. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली सॅलडची रोपे लावून या उपायांची परीक्षा घेतली. तांब्याची पट्टी, टरफले, बारीक खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या, सर्व करून पाहिले. काहीही न टाकलेल्या रोपांइतकेच नुकसान या रोपांचेही झाले. टरफले खताच्या खड्ड्यात टाकावीत, तेथे त्यांचा उपयोग आहे.

मिठाने गोगलगाय मरते हे खरे, पण वाफ्यात मीठ टाकू नये. पाऊस ते मुळांपाशी नेतो आणि गोगलगायीबरोबर रोपही जाते.

राहिले विषारी दाणे. त्यांत बहुधा मेटाल्डिहाईड हे विष असते. त्यावर नेमका उतारा नाही, डॉक्टर फक्त झटके व ताप आवरण्याचे उपचार करू शकतात. कुत्रा, मांजर, गाय, कोंबडी, लहान मूल या सर्वांना त्यापासून धोका आहे. ब्रिटनने २०२२ च्या मार्चअखेर उघड्यावर त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे ते मिळते, आणि मोठ्या शेतात प्रादुर्भाव हाताबाहेर गेला तर कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने वापरतातही. पण ते टाकल्यावर जनावरे दूर ठेवणारा आणि उरलेले दाणे उचलणारा माणूस जागेवर हवा. घर बंद करून जाणाऱ्याने त्याला हात लावू नये.

जाण्यापूर्वीचे दहा दिवस

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

१) लपण्याच्या जागा मोडा. प्रवासाच्या दहा दिवस आधी वाफ्यांच्या आसपासच्या फळ्या, फुटक्या कुंड्या, विटा, पत्रे आणि केळीची कुजकी सोपटे उचला. केळीच्या सोपटाखाली गोगलगायींचा संसारच असतो. बांधावरचे गवत कापा. मातीत पांढुरकी, साबुदाण्यासारखी अंडी पुंजक्याने दिसली तर ती गोळा करून चेचून टाका. खताचा खड्डा वाफ्यांना लागून असेल तर पुढच्या वर्षी तो लांब न्या.

२) पोत्याचा सापळा लावा. जुने गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मधल्या वाटेवर पसरा. रात्री चरून झाल्यावर गोगलगायी ओलावा व गोडी शोधीत त्याखाली जमतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी पोते उलटा आणि सर्व गोळा करा. उघड्या हाताने उचलू नका. चिमटा घ्या किंवा हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवा. मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत त्या टाकल्या की मरतात. नंतर त्या वाफ्यांपासून दूर खड्ड्यात पुराव्यात आणि ते पाणी झाडांना घालू नये. हे रोज, न चुकता करावे. आमच्या परसात गेल्या पावसाळ्यात पहिल्या सकाळी पोत्याखाली चाळीसच्या वर निघाल्या आणि आठव्या सकाळी चार.

३) आंबलेल्या पिठाचे आमिष. गोगलगायींना आंबलेल्या पिठाचा वास फार आवडतो. आपल्या घरी सणाला सान्ना करतात. त्यांचे माडी घालून फुगवलेले पीठ थोडे उरले तर करवंटीत घालून पोत्याखाली ठेवा. पावाचे यीस्ट घातलेले पीठही चालते. करवंटी मात्र दोन दिवसांनी बदलावी लागते, म्हणून हा उपायही आपण घरी असेपर्यंतचाच. (माडी कमी पडल्याची तक्रार घरधन्याने आमच्याकडे आणू नये!)

४) कोवळी रोपे जमिनीत लावू नका. हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. हातभर वाढलेल्या भेंडीची चार पाने खाल्ली तरी ती जगते. चार पानांच्या कोबीच्या रोपाला एक रात्र पुरते. म्हणून लावणी एक तर निघण्यापूर्वी तीनचार आठवडे करावी, म्हणजे रोपे निबर होतात, नाहीतर परत आल्यावर करावी. मधल्या काळात रोपे पिशव्यांत किंवा ट्रेमध्ये पडवीत बाकावर ठेवा. पडवीत पाऊस येत नाही, त्यामुळे बाकाच्या चारी पायांभोवती टाकलेली राख तेथे दहा दिवस कोरडी राहते. बाहेर फसणारी राख येथे कामाला येते. बाक भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर गोगलगाय भिंतीवरून उतरते. मुंग्यांसाठी ठेवतो तशा पाण्याच्या वाट्या मात्र पायांखाली ठेवू नका. दहा दिवस साचलेल्या पाण्यात डास होतात.

५) वेल वर चढवा, खालची पाने काढा. काकडी, दोडकी, कारली मांडवावर असावीत. कोबी, वांगी, मिरची यांची मातीला टेकलेली पाने काढून टाका. ती पाने म्हणजे गोगलगायीची शिडी आणि छत्री दोन्ही असतात.

६) तयार भाजी काढून घ्या. पिकलेली काकडी, जून मुळा, खुडायला आलेली तांबडी भाजी मागे ठेवू नका. शेजारी द्या, आजारी माणसाच्या घरी द्या, नाहीतर विका. निघण्याच्या दिवशी वाफ्यात सडण्यासारखे काही राहू नये.

७) शेवटच्या दिवशी खुरपणी. उघडीप मिळाली तर वाफ्यांची वरची माती हलकी खुरपून भुसभुशीत व सपाट करा, म्हणजे लपण्याच्या भेगा बुजतात. नवा पाला किंवा ओले शेण त्या दिवशी घालू नका. नाताळात किंवा मे महिन्यात परगावी जाणार असाल आणि शेजाऱ्याला पाणी घालायला सांगणार असाल, तर ते सकाळी घालायला सांगा. संध्याकाळी भिजवलेली माती रात्रभर ओली राहते, आणि रात्र ही गोगलगायीची वेळ.

वाफ्यांची सावड

इतके केले तरी दहा दिवसांत काही गोगलगायी कुंपणापलीकडून येणारच. त्यांना माणसाच्या डोळ्याशिवाय दुसरा उपाय नाही. भातलावणीला आपण सावड करतो. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. तीच सावड परसालाही लावावी. गावातली सगळी घरे एकाच वेळी बंद होत नाहीत. जो मागे राहील त्याने एक दिवसाआड, जेवणानंतर, बॅटरी घेऊन पंधरा मिनिटे शेजाऱ्याच्या वाफ्यांतून फेरी मारावी आणि दिसतील त्या गोगलगायी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. शेजारी मे महिन्यात मुंबईला मुलाकडे गेला की तुम्ही त्याचा परसू बघावा. शेजाऱ्याला चिमटा, झाकणाची बादली आणि वाफे आधी दाखवून ठेवा. पावसाळी रात्री पायात बूट हवेत, कारण बेडकांच्या मागे सापही येतो.

ज्याचा मोती गेला तो मुलगा आता कॉलेजात जातो. त्या वर्षी आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि त्याच्या वडिलांनी आम्हांला चहा दिला. मुलगा बरेच महिने बोलला नाही. मग एका पावसाळ्यात आम्ही बाहेरगावी निघालो असता तो स्वतः आला आणि म्हणाला, "फादर, औषध टाकू नका. मी बघतो रात्री." तेव्हापासून आमच्या वाफ्यांची फेरी त्याच्याकडे आहे, आणि तो परीक्षेला जातो तेव्हा त्याच्या आईच्या वाफ्यांची फेरी आमच्याकडे.

न बोलावता येणारे मदतनीस

विष टाकले नाही तर आपले दुसरे राखणदारही जिवंत राहतात. तांबड्या पंखांचा भारद्वाज, ज्याला कुंभारकावळा म्हणतात, तो शंखवाली गोगलगाय फोडून खातो. बेडूक लहान गोगलगायी खातात. काजव्याची अळी तर गोगलगायींवरच वाढते. जूनच्या तोंडाला झाडांवर लुकलुकणारे काजवे बघून आपण खूश होतो, त्यांची अळी जमिनीवर आपलेच काम करीत असते. बदके असतील तर लावणीपूर्वी रिकाम्या वाफ्यांत सोडावीत. कोंबड्याही बारीक गोगलगायी व अंडी टिपतात, पण रोपे लावल्यावर त्यांना आत सोडू नये, त्या उकरून टाकतात.

येथे एक स्पष्ट बोलतो. पहिल्या पावसात कंदील घेऊन बेडूक पकडायला जाणारे आपल्यातही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला बंदी आहे, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही सरकारने १९८७ साली बंद केली. बेडूक ताटात आला की त्याचे रात्रीचे काम आपल्यालाच करावे लागते.

आरोग्याची गोष्ट

गोगलगायीला हात लावताना काळजी का घ्यायची, हे घरातल्या मुलांना नीट समजावून सांगा. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक बारीक जंत असतो. त्याची पिल्ले उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गोगलगाय ती विष्ठा खाते आणि जंताची पिल्ले तिच्या अंगात वाढतात. अशी बारीक गोगलगाय किंवा तिचा तुकडा कच्च्या पालेभाजीतून माणसाच्या पोटात गेला तर ती पिल्ले मेंदूपर्यंत पोहोचू शकतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. हा आजार सर्रास होत नाही, पण झाला तर गंभीर असू शकतो.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. गोगलगायी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. मुळ्याची पाने, कोबी, कोथिंबीर यांचे एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावे, नुसते मिठाच्या पाण्यात बुडवून भागत नाही. कुरतडलेल्या पानांची भाजी नीट शिजवूनच खावी, कारण उकळी आली की जंत मरतो. पाण्याच्या टाकीवर व घागरीवर झाकण असावे. रांगणारी मुले मातीत सापडेल ते तोंडात घालतात, त्यांच्याकडे विशेष लक्ष ठेवावे. अशा संपर्कानंतर एक ते तीन आठवड्यांत जोराची डोकेदुखी, मान ताठ होणे, उलट्या, अंगाला मुंग्या येणे असे काही झाले तर घरगुती औषधात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे आणि गोगलगायीचा संबंध आला होता हे त्यांना आठवणीने सांगावे.

परत आल्यावर

घरी पोचलात की प्रवासाचा शीण असतो, तरी त्याच संध्याकाळी गुळाचे पोते वाफ्यात पसरा. आपण नसताना फुटलेल्या अंड्यांतील बारीक पिल्ले पहिल्या आठवड्यातच उचलली तर पुढचा महिना सुखाचा जातो. पडवीतली रोपे आठदहा दिवस पोत्याचा सापळा लावून झाल्यावरच जमिनीत लावा. आणि ज्या शेजाऱ्याने रात्री फेऱ्या मारल्या, त्याच्या घरी वेलांकणीच्या प्रसादाबरोबर परसातली पहिली काकडी पोचती करा.